उधना स्थानकाची हिरवळ

सुरतेचे नाव निघाले की मराठी मन साडेतीनशे वर्षे मागे जाते. ६ जानेवारी १६६४ रोजी शिवाजी महाराज शहराच्या पूर्वेस, बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर येऊन ठेपले आणि दरवाजापासून सुमारे पाव मैलावरच्या एका बागेत त्यांनी डेरा दिला, असे इतिहासकारांनी नमूद केले आहे. पुढील चार दिवसांत शहरात जे घडले ते आमच्या शाळांतील मुलांसही तोंडपाठ असते. त्या बागेकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही. वस्तुतः एवढ्या श्रीमंत बंदराच्या वेशीवर बाग असावी यात नवल ते काय? सुरत ही जशी वखारींची आणि गोदामांची नगरी होती, तशीच ती बागांचीही नगरी होती, आणि ह्या दोन गोष्टींचा संबंध दिसतो त्याहून अधिक निकटचा आहे. व्यापारी दूरदेशाहून येतो, उन्हातान्हात माल मोजतो, जहाजाची वाट पाहतो. वाट पाहणाऱ्याला सावली लागते.

शहाजहानाने आपली कन्या जहांआरा हिला सुरत बंदराचे उत्पन्न लावून दिले होते. शहरातील बेगमपुरा ह्या मोहल्ल्याच्या नावात तिची आठवण अद्याप आहे. फ्रेंच प्रवासी थेवेनो १६६६ च्या आरंभी सुरतेस उतरला, त्याने शहराबाहेरील ‘राजकन्येच्या बागेचे’ वर्णन लिहून ठेवले आहे. ही बाग मोगल बादशहाच्या बहिणीची, असे तो सांगतो, आणि तीत आंबा, ताड, हिरडा, वड असे वृक्ष असल्याचे नोंदवतो. महाराजांच्या स्वारीला तेव्हा दोन वर्षे होऊन गेली होती. शहर लुटले गेले तरी आंब्यांनी आपली जागा सोडली नव्हती, हे वाचताना मौज वाटते. पुढे डचांनी आपली बाग केली, फ्रेंचांनी आपली. डच बागेचे नाव नानपुऱ्यात आजही चालते. फ्रेंच बागेचे नाव तर आमच्या राजकीय इतिहासात शिरले, ते काही फुलांच्या निमित्ताने नव्हे. डिसेंबर १९०७ मध्ये राष्ट्रसभेचे अधिवेशन नागपूरहून हलवून सुरतेस नेण्यात आले, आणि तापीच्या काठच्या ह्या फ्रेंच बागेतच त्याचा मंडप उभारला गेला. लोकमान्य टिळक व्यासपीठावर जाऊन उभे राहिले, एक दक्षिणी जोडा हवेतून आला, खुर्च्या उडाल्या आणि राष्ट्रसभा दुभंगली. सुरतेच्या बागांशी मराठी माणसाचा संबंध आला तो असा, दोनदा आणि दोन्ही वेळा गडबडीच्या प्रसंगी.

तिसरा संबंध आमच्या काळातला आहे, आणि तोच ह्या लेखाचा विषय आहे. त्यात ना तलवार आहे, ना जोडा. त्यात आहेत कुंड्या, पाण्याचे पाइप, रंगवलेल्या भिंती आणि आगगाडीची वाट पाहणारी माणसे.

पश्चिम किनाऱ्यावरची आगगाडी मुंबईहून सुरू होऊन सुरतेस आली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु तसे झालेले नाही. मुंबई, बडोदा आणि मध्य हिंदुस्थान रेल्वे कंपनी १८५५ साली स्थापन झाली आणि तिचा पहिला टप्पा १० फेब्रुवारी १८६० रोजी अंकलेश्वर ते उतराण असा सुरू झाला. उतराण हे तापीच्या उत्तर तीरावरचे गाव. आज ते सुरत शहरातच मोडते. म्हणजे ह्या रेल्वेचा उगमच सुरतेच्या दारात आहे. मुंबईशी तिचा सांधा १८६४ च्या अखेरीस जुळला. तोवर सुरतेचे वैभव ओसरून गेले होते. एप्रिल १८३७ च्या आगीत शहराचा मोठा भाग भस्मसात झाला होता, बंदर गाळाने भरत चालले होते आणि जहाजे मुंबईला जात होती. बंदर गेलेल्या शहराला रेल्वेने नवे बंदर दिले, असे म्हणावयास हरकत नाही. फक्त ह्या बंदरात मालापेक्षा माणसेच अधिक उतरली.

मराठी वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाचा फाटा तो तापी खोऱ्यातला. तापी व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० पर्यंत सुरतेहून थेट अमळनेरपर्यंत पोहोचला. आज ह्या मार्गाचे पश्चिमेकडील टोक उधना जंक्शन असून तेथून जळगाव सुमारे ३०७ किलोमीटर पडते. मार्गावरील गावांची नावे ओळीने घेतली तरी एक इतिहास उभा राहतो: १९२८ च्या सत्याग्रहाची बारडोली, व्यारा, बडोद्यास राजधानी जाण्यापूर्वीचे गायकवाडांचे ठाणे सोनगड, मग नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, आणि साने गुरुजींनी ज्या शाळेत शिकवले त्या शाळेचे अमळनेर. बुऱ्हाणपूर दरवाजातून निघणारी जुनी व्यापारी वाट ह्याच खोऱ्यातून वर चढत असे. कापूस खाली यावा म्हणून कंपनीने रूळ टाकले. कालांतराने कापसामागोमाग कापूस पिकवणाऱ्यांची मुलेही खाली आली. मागाच्या कारखान्यांत, कापड रंगवण्याच्या गिरण्यांत, हमालीत, रिक्षा चालवण्यात त्यांनी हात घातले, आणि उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा ह्या वस्त्यांत मराठी व अहिराणी बोली रोजच्या व्यवहाराच्या झाल्या. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शिक्षण समितीला गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा चालवाव्या लागतात, यावरून ह्या लोकांची संख्या ध्यानी यावी.

नवापूर स्थानकाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. १ मे १९६० रोजी द्विभाषिक राज्याची दोन राज्ये झाली तेव्हा सीमारेषा ह्या स्थानकाच्या फलाटावरूनच गेली. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, उरलेला गुजरातेत. एक बाक तर असा की बसणाऱ्याने थोडे सरकावे आणि राज्य बदलावे. आमच्या सीमाप्रश्नांचा इतिहास पाहता एखाद्या सीमेवर माणसे इतक्या शांतपणे बसून चहा पितात, ही गोष्ट लहान नव्हे.

स्थानकावर बाग करण्याची चाल मूळची आमची नव्हे. ती इंग्लंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस-चाळीस वर्षांत तेथील खेड्यापाड्यांच्या लहान स्थानकांवर स्थानकप्रमुख आणि हमाल दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात फुलझाडे लावू लागले. पांढऱ्या रंगाच्या दगडांनी किंवा फुलांच्या ताटव्यांनी स्थानकाचे नाव लिहिण्याची हौस तेव्हाचीच. रेल्वे कंपन्यांनी उत्तम राखलेल्या स्थानकास बक्षिसे ठेवली. त्यात केवळ सौंदर्यदृष्टी नव्हती. प्रवाशाला आपल्या गाडीकडे ओढण्याचा व्यापारी हेतू होताच, आणि नोकराचा रिकामा वेळ कंपनीच्या कामी लागे हाही एक भाग होता. अमेरिकेत बोस्टन शहराच्या परिसरात १८८० च्या दशकात एका रेल्वे कंपनीने रिचर्डसनसारख्या थोर वास्तुशिल्पज्ञाकडून स्थानके बांधवून घेतली आणि त्यांच्या भोवतीच्या वृक्षरचनेचे काम ओल्मस्टेड ह्या उद्यानकाराकडे सोपवले. तिकडे हे असे थाटाचे झाले. इंग्लंडात ते हमालाच्या खुरप्याने झाले. मला दुसरे अधिक जवळचे वाटते.

पुढे १९६३ सालच्या बीचिंग ह्यांच्या अहवालानंतर ब्रिटनमधील हजारो मैलांचे मार्ग आणि कित्येक स्थानके बंद पडली. जी उरली त्यांतील अनेकांवरचे नोकर काढून घेण्यात आले. हमाल गेला, त्याच्याबरोबर खुरपेही गेले. ओसाड फलाटांवर तण माजले. ह्याच ओसाडीतून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत स्थानक दत्तक घेण्याची चळवळ तेथे उभी राहिली. गावातील निवृत्त मंडळी, शाळेतील मुले, बागकामाची हौस असलेल्या बाया आठवड्यातून एखादा दिवस येतात आणि नोकराची जागा स्वयंसेवक भरून काढतात. तेथील बाग ही अशा रीतीने माणसांच्या अभावाला दिलेले उत्तर आहे.

आपल्याकडे प्रश्न नेमका उलटा आहे. आमच्या स्थानकांवर माणूस कमी नाही. माणसांनीच स्थानक भरून वाहते. तेथे झाड लावणारा ओसाडीशी झुंजत नसून गर्दीशी झुंजत असतो.

हिंदुस्थानात स्थानकप्रमुखाच्या बंगलीपुढे जास्वंद, कर्दळ, तुळस ही असतच. वाफेच्या इंजिनाला पाणी भरावे लागे, त्यामुळे मोठ्या स्थानकांत पाण्याची टाकी आणि नळ ही सोय मुळातच असे, आणि बाग करू पाहणाऱ्याला आणखी काय हवे? रेल्वेच्या नोकरीत मुलुख सोडून गेलेले गोव्याचे आणि कोकणातले लोक तेव्हा पुष्कळ होते. ह्या नियतकालिकाच्या गोव्याकडील वाचकांस कुळागर म्हणजे काय हे सांगावयास नको. ज्याने लहानपणी माड-पोफळींच्या, मिरवेलींच्या सावलीत पाट काढताना पाहिले आहे, त्याच्या हाताला परमुलखातील काळ्या, भेगाळ जमिनीतही स्वस्थ बसवत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या टंचाईच्या दिवसांत ‘अधिक धान्य पिकवा’ ही हाक उठली तेव्हा रुळांकडेच्या रिकाम्या जमिनी रेल्वे नोकरांना लागवडीस देण्यात आल्या. गाडीच्या खिडकीतून दिसणारे भाजीचे वाफे हा त्या धोरणाचाच वारसा होय. १९५० च्या जुलैत अन्न व शेती खात्याचे मंत्री कन्हैयालाल मुनशी ह्यांनी वनमहोत्सव सुरू केला. मुनशी हे सुरतेच्या शेजारच्या भडोचचे. त्यांच्या वनमहोत्सवाची पुढे थट्टाही पुष्कळ झाली. एकाच खड्ड्यात दरवर्षी नवे पाहुणे नवे रोप लावतात, हा विनोद आजही जुना झालेला नाही. थट्टा अस्थानी नव्हती. रोप लावणे हा समारंभ आहे. रोप जगवणे हे काम आहे, आणि समारंभाला जितके हात मिळतात तितके कामाला मिळत नाहीत.

सुरतेच्या स्थानकांची गोष्ट सांगताना सप्टेंबर १९९४ टाळून चालणार नाही. तापीला पूर येऊन गेला होता. ओल, चिखल आणि कुजलेला कचरा शहरभर पसरला होता. वेड रस्त्याच्या परिसरात माणसे पटापट दगावू लागली आणि न्युमोनिक प्लेगचे नाव कानोकान झाले. बळींचा आकडा पन्नासच्या आसपास राहिला. परंतु भीतीला आकडा नसतो. दोन-चार दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे, डोक्यावर ट्रंका, कडेवर मुले, आणि गाडी कोणती हे न विचारता डब्यात शिरण्याची धडपड, असे दृश्य त्या दिवसांत सुरतेच्या स्थानकावर होते. पळणाऱ्यांत खानदेशचे लोक फार होते, कारण त्यांचे गाव एका रात्रीच्या प्रवासावर होते. गावी पोहोचल्यावर मात्र काही ठिकाणी त्यांना दाराबाहेर उभे करण्यात आले. परदेशांनी भारतातून येणारी विमाने अडवली, हे वृत्तपत्रांतून गाजले. आपल्याच माणसांना आपल्याच वेशीवर अडवले गेले, हे तितके गाजले नाही.

त्या आपत्तीनंतर १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. रोज सकाळी अधिकाऱ्यांनी कचेरीत न बसता रस्त्यावर उतरावे हा त्यांचा दंडक, आणि अतिक्रमण मोठ्याचे असो वा लहानाचे, पाडण्यात भेद नाही ही त्यांची ख्याती. दीड-दोन वर्षांत हे शहर देशातील सर्वांत स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. तो लौकिक पुढेही टिकला. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरबरोबर प्रथम क्रमांक विभागून घेतला. दरम्यान ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने शहराचा बहुतेक भाग बुडवला होता. तेव्हाही शहराने चिखल उपसला आणि ते पुन्हा उभे राहिले. सुरतेची स्वच्छता हा काही जन्मजात गुण नव्हे. घाबरलेल्या शहराने घेतलेली ती शपथ आहे. उधना स्थानकावरील झाडे ह्या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजेत; एरवी ती केवळ शोभेची वाटतील.

उधना हे सुरतेच्या दक्षिणेचे स्थानक, कारखान्यांच्या ऐन मधोमध. धूर, लिंट, ट्रकांची ये-जा आणि पाळी सुटल्यावर लोटणारे लोंढे, हेच त्याचे वातावरण. सुरतेतील कापड उद्योजक विरल देसाई आणि त्यांची हार्ट्स अॅट वर्क फाउंडेशन ही संस्था ह्यांनी रेल्वेच्या संमतीने ह्या स्थानकाला हिरवे करण्याचे काम हाती घेतले. फलाटांवर आणि भिंतींलगत झाडे आली, भिंतींवर वृक्ष, पाणी, पृथ्वी ह्यांविषयी सांगणारी चित्रे आली, आणि वृत्तपत्रांतून उधन्याचा उल्लेख ‘हरित रेल्वे स्थानक’ असा होऊ लागला. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ स्थानकाच्या परिसरात वृक्षांचे स्मृतिवनही लावण्यात आले. देसाई ह्यांना शहरात ‘ग्रीनमॅन’ म्हणून ओळखतात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. सुरतेचा कापड रंगवण्याचा धंदा हा पाण्याचा प्रचंड भोक्ता आहे, आणि वापरलेले पाणी कोणत्या रंगाने नाल्यांत जाते हा तेथील जुना, दुखरा प्रश्न आहे. त्याच उद्योगातून आलेल्या माणसाने झाडे लावावीत, यावर कोणी म्हणेल की धुराड्याचे पाप कुंडीने फिटत नाही. ते खरेच आहे; फिटत नाही. परंतु झाड लावणाऱ्याने आधी निष्पाप असावे अशी अट घातली, तर सुरतेत काय किंवा अन्यत्र काय, एकही रोप लागणार नाही. शिवाय देसाई ह्यांनी काम केले ते कोणा उच्चभ्रू वसाहतीच्या दाराशी नव्हे. जेथे पंचवीस माणसे एका खोलीत पाळीपाळीने झोपतात आणि ज्यांच्या घराला अंगणच नाही, अशा कामकऱ्यांच्या स्थानकावर ते केले. ज्याच्या वाट्याला परसदार नाही त्याच्या दृष्टीस पडणारे हिरवे पान बहुधा हेच असते.

स्थानकावर झाड जगवणे हे दिसते तितके सोपे नाही. ह्या मार्गावर रुळांच्या डोक्यावरून २५ हजार व्होल्टची तार जाते. तिच्याजवळ वाढणारा वृक्ष चालत नाही. सिग्नल झाकेल अशी फांदीही चालत नाही. म्हणून उंच वृक्षांना स्थानकाबाहेरच्या मोकळ्या जागेत पिटाळावे लागते. तेथे करंज, कडुनिंब, वड, पिंपळ हे जोमाने वाढतात, कारण तापीच्या गाळाची काळी जमीन सुपीक आहे आणि पाऊसही भरपूर पडतो. फलाटावर मात्र झुडपे आणि कुंड्या. कण्हेर, बोगनवेल, कर्दळ, सदाफुली, सापाच्या पट्ट्यांसारख्या पानांचे सॅन्सेव्हिएरिया, रंगीत क्रोटन, छपराखालच्या अर्ध्या उजेडात तग धरणारी मनीप्लांटची वेल. गंमत अशी की ह्यांतील बहुतेक मंडळी परदेशी आहेत. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. १७६६ ते १७६९ ह्या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या बूगनव्हील ह्या फ्रेंच दर्यावर्दीच्या नावावरून तिला नाव मिळाले. कर्दळ अमेरिकेची, सदाफुली मादागास्करची, सॅन्सेव्हिएरिया आफ्रिकेचे. पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांच्या स्थानकावर झाडेही तशीच आलेली असावीत, हा योगायोग मला आवडतो. एकच उणे वाटते. आमच्या गोव्याची आबोली तेथे नाही. उन्हात ती कोमेजते आणि सावलीत लाजते, असे म्हणतात; तरी एखाद्या कोपऱ्यात तिला लावून पाहावे.

झाडाचे शत्रू ठरलेले आहेत. ब्रेकांची काळी धूळ पानांवर बसते आणि धुतली नाही तर पान गुदमरते. उन्हाळ्यात पत्र्याखालची उष्णता कुंडीतील माती दोन दिवसांत विटेसारखी करते. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तंबाखू आणि पान. कुंडी ही पिंकदाणी आहे, अशी आमच्या देशात एक अलिखित समजूत आहे. भिंतीवर चित्र काढले तर तेथे थुंकताना माणूस थोडा तरी कचरतो, पण मातीत थुंकताना त्याला काहीच वाटत नाही, कारण माती ती मातीच. यावर दंडाचा उपाय रेल्वेच्या कायद्यात आहे. त्याहून परिणामकारक उपाय म्हणजे झाड टवटवीत असणे. मेलेल्या झाडाच्या कुंडीत सर्वजण थुंकतात, फुललेल्या झाडाच्या कुंडीत कमी लोक थुंकतात. ज्याने कोणतीही सार्वजनिक बाग राखली आहे त्याला हा नियम ठाऊक असतो.

आणि झाड टवटवीत राहणे हे रविवारच्या स्वयंसेवकावर अवलंबून नसते. स्वयंसेवक रविवारी येतो. झाडाला तहान बुधवारीही लागते. मधल्या दिवसांत पाण्याचा पाइप ओढणारा माळी, पाने पुसणारी झाडूवाली, कुंडी कोणी पाडली तर माती भरून ठेवणारा हमाल, हीच ती माणसे ज्यांच्या जिवावर असली कामे उभी राहतात. फलकावर संस्थेचे नाव असते, पाहुण्यांचे असते, ह्यांचे क्वचितच असते. स्वयंसेवेची महती गाताना आपण हे विसरतो की फुकटच्या श्रमाला पगारी श्रमाचा आधार लागतो. सेवाभावी संस्था येतात म्हणून रेल्वेने माळ्याचे पद रिकामे ठेवावे, असे कोठेही होऊ लागले तर ती सेवा नव्हे. ब्रिटनमधील दत्तक स्थानकांचा इतिहास आपल्याला नेमके हेच सांगतो. तेथे आधी नोकर गेला, मग स्वयंसेवक आला.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणे घडली आहेत. ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात मुंबईच्या लोकल गाड्यांच्या कित्येक स्थानकांच्या भिंती नागरिकांनी स्वतः रंगवल्या. चंद्रपूर आणि बल्लारशाह ह्या दोन स्थानकांवर स्थानिक कलावंतांनी ताडोब्याचे वाघ, जंगल आणि आदिवासी जीवन रंगवले, आणि २०१८ साली सुशोभित स्थानकांच्या देशव्यापी स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. कोकण रेल्वेचा मार्ग १९९८ पासून पुरा चालू आहे. तेथील स्थानकांना मुद्दाम हिरवे करावे लागत नाही, पावसाळ्यात हिरवळच फलाटावर चढून येते.

सुरत आणि उधना ह्यांची अडचण वेगळी आहे. ११ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, सुरत स्थानकावर उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत शिरताना चेंगराचेंगरी झाली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. जेथे माणसाला पाय ठेवण्यास जागा नाही तेथे कुंडीला जागा कशी द्यावी, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर झाडे काढून टाकणे हे नसले तरी फलाटाच्या मधोमध ताटवे मांडणे हेही नव्हे. भिंतीला चिकटलेली वेल, खांबाला अडकवलेली टोपली, स्थानकाबाहेरच्या रांगेवर सावली धरणारा कडुनिंब ह्यांना गर्दीत कोणाचा पाय अडखळत नाही. ह्या तिहींत मी कडुनिंबाला पहिला मान देईन. फलाटावरील वेल डोळ्यांना सुख देते. परंतु तिकिटाच्या खिडकीपासून बाहेर रस्त्यापर्यंत गेलेल्या रांगेत चार तास उभ्या असलेल्या बाईला डोळ्यांच्या सुखापेक्षा डोक्यावरची सावली हवी असते.

आता सुरत स्थानकाच्या पुनर्बांधणीचे प्रचंड काम हाती घेतले गेले आहे. उधना-जळगाव मार्गाचे दुपदरीकरण तर २०१८ च्या सुमारासच पुरे झाले. रूळ वाढतात, फलाट लांबतात, नव्या इमारतींचे आराखडे येतात. अशा वेळी कुंडीतले झाड उचलून दुसरीकडे ठेवता येते, जमिनीतले येत नाही. आराखडा काढणाऱ्याने कागदावर झाडाचे वर्तुळ आधी काढले आणि मग भिंत आखली, तर ते वाचते. भिंत आधी आखली तर वर्तुळ खोडले जाते. स्मृतिवन असो की कोपऱ्यातील एकटा पिंपळ, लावणाऱ्यांनी आपल्या झाडांची मोजदाद आणि नकाशा रेल्वेच्या दप्तरी नोंदवून ठेवणे ह्यापुढे खुरप्याइतकेच आवश्यक झाले आहे.

खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गाणी म्हटली जातात. दिवाळीइतकाच, काही घरांत दिवाळीहूनही मोठा असा हा सण. त्या सुमारास मागांचे काम सोडून सुरतेचे खानदेशी कुटुंबांसह गावाकडे निघतात आणि उधन्याच्या फलाटावर भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी बोचकी घेऊन बसतात. एप्रिल-मेचे ऊन तेव्हा ऐन भरात असते. स्थानकातील कुंड्यांना वर्षातले सर्वाधिक पाणी लागते ते ह्याच दिवसांत, दिवसातून दोनदा, सकाळी गाड्यांच्या आधी आणि संध्याकाळी फलाट थोडा निवल्यावर.